आपला पाऊस पोचत नाही तिथे

आमच्या संस्थेच्या ताळेबंदात एक ओळ आहे: 'पतसंस्थेकडून येणे – ७,१४,०००'. गेली दहाएक वर्षं दर मार्चअखेरीला आमचा लेखनिक ती ओळ मागच्या ताळेबंदातून पुढच्या ताळेबंदात उतरवतो. ऑडिटर तिच्यापुढे पेन्सिलीने बारीक टिक करतो, एकवार माझ्याकडे बघतो आणि पान उलटतो. ठेवीच्या मूळ अर्जावर सही माझी आहे, हे त्याला ठाऊक आहे.

मी वाणिज्य शाखेचा मास्तर. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याच्या पार टेलला, जिथे आवर्तनाचं पाणी पोचेपर्यंत पुढचं आवर्तन जाहीर होतं, अशा भागातल्या एका छोट्या शिक्षण संस्थेचा मी अकरा वर्षं खजिनदार होतो. वर्गात 'गुंतवणुकीतील जोखीम' हा धडा मी पंचवीस वर्षं शिकवला. आणि २००७ मध्ये संस्थेच्या कायम निधीतले १२ लाख रुपये तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त होतं. "सर, आपलीच माणसं हायेत. पळून कुठं जातील?" असं आमचे अध्यक्ष म्हणाले होते. ते खरंच निघालं. कोणी पळून गेलं नाही. सगळे गावातच आहेत, लग्नाकार्यात भेटतात, नमस्कार करतात. फक्त पैसे गेले.

दीड टक्का म्हणजे वर्षाला १८ हजार रुपये. त्या १८ हजारांसाठी मी १२ लाख पणाला लावले. हा हिशेब बारावीच्या पोराला घातला असता तरी त्याने नाही म्हटलं असतं.

विद्यापीठांचे आणि कॉलेजांचे निधी आर्थिक वादळात कसे सांभाळायचे, यावर अलीकडे बरंच लिहून येतं. त्यात शेअर बाजाराची पडझड असते, अमेरिकेतली विद्यापीठं असतात. आमच्या जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण लिहिताना हाताला अजून नगरच येतं) शिक्षण संस्थांचा पैसा बाजाराने बुडवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. शेअर घेतलेच कोणी होते? आमचा पैसा बुडतो तो मुदत ठेवीत, आणि बहुतेक ओळखीच्या माणसाकडे.

आमचे १२ लाख अडकले ते २०१२-१३ च्या दुष्काळात. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या. ऊस छावणीत वैरण म्हणून जात होता. पतसंस्थेने कर्जं दिली होती ठिबकला, ट्रॅक्टरला, आणि तालुक्याच्या बायपासला पडलेल्या प्लॉटांना. ठिबकला पाणी नव्हतं, ट्रॅक्टरला काम नव्हतं आणि प्लॉट घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. आता त्याच वर्षी आमच्या संस्थेचं काय चाललं होतं ते बघा. विनाअनुदानित वर्गांची निम्मी फी थकली, कारण पोरांचे बाप छावणीत जनावरांपाशी होते. दरवर्षी सप्ताहासारखी ठरलेली देणगी देणारे चार मोठे बागायतदार फोन उचलेनात. शिक्षकांच्या पगाराला पैसे कमी पडले म्हणून आम्ही ठेव मोडायला गेलो. काउंटरवरचा पोरगा आमचाच माजी विद्यार्थी. त्याने उभं राहून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, आठवड्याला दोन हजार देता येतील."

निधी असतो तो अशाच वर्षासाठी. आणि आम्ही तो अशा ठिकाणी ठेवला होता, जिथे आमच्यावर संकट आलं की त्याच दिवशी, त्याच कारणाने, तिथेही येणार. फी शेतीतून, देणगी शेतीतून, आणि ठेवही फिरून त्याच शिवारात कर्जाऊ गेलेली. तीन खिसे वेगवेगळे वाटत होते, सदरा एकच होता. तेव्हापासून माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षण संस्थेने आपला कायम निधी आपला पाऊस पोचत नाही तिथे ठेवावा.

हे म्हणणं आमच्या जिल्ह्यात कडू लागतं, याची मला कल्पना आहे. सहकार इथल्या मातीत आहे. विठ्ठलराव विख्यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी उभा राहिला, आणि पुढे कारखान्यांभोवती शाळा-कॉलेजं उभी राहिली. उसाच्या बिलातून टनामागे काही पैसे कापून जिथे इमारती झाल्या, तिथे 'ठेव मुंबईला न्या' म्हणणारा माणूस फितूर वाटणारच. एका सभेत मला एकाने विचारलं, "सगळ्यांनी ठेवी बाहेर नेल्या तर इथल्या शेतकऱ्याला कर्ज कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की संस्थेचं चालू खातं, फीची वसुली, पगाराची खाती, हा रोजचा व्यवहार इथल्या बँकेत जरूर ठेवा. त्यावर बँक जगते. पण कोणा विधवेने पदकासाठी दिलेले पैसे शेतीकर्जाला भांडवल म्हणून वापरायला तिने सांगितलं नव्हतं.

आणि प्रश्न फक्त पतसंस्थांचाच असतो असंही नाही. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेवर डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, ठेवीदारामागे १० हजार रुपयेच काढायची मर्यादा आली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानाच रद्द झाला. शंभरावर वर्षं उभी असलेली पाटी. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला एक हजार रुपये काढायची मुभा होती. खासगी मोठी बँक घ्यावी, तर ५ मार्च २०२० ला येस बँकेवर बंधनं आली आणि पुरीच्या जगन्नाथाचे ५४५ कोटी रुपये तिथे असल्याचं देशाला कळलं. देव सुद्धा एकाच टोपलीत अंडी ठेवतो म्हटल्यावर आमच्यासारख्यांनी काय करावं! (येस बँकेची बंधनं दोन आठवड्यांत उठली. देवाला प्रत्येक वेळी तशी सवलत मिळेलच असं नाही.)

एक गोष्ट मात्र विश्वस्तांच्या डोक्यात पक्की बसलेली मी पाहिली आहे, आणि ती चुकीची आहे. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांची झाली. हा विमा मुळात आला तोच बँका बुडाल्यामुळे. १९६० च्या सुमारास अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक गेली, मग कायदा झाला आणि १९६२ मध्ये ठेवीदाराला दीड हजार रुपयांचं संरक्षण मिळालं. आता एका संस्थेचे विश्वस्त मला अभिमानाने फाइल दाखवत होते. प्लास्टिकच्या पाकिटात दहा पावत्या, प्रत्येक पाच लाखांची, चार शाखांमधल्या. "सगळं विम्यात बसवलंय सर." मी पावत्यांच्या डोक्यावरचं नाव वाचलं. दहाही पावत्या एकाच बँकेच्या. विमा पावतीला नसतो, शाखेलाही नसतो. एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून, सगळे मिळून पाच लाख. म्हणजे पन्नासातले पंचेचाळीस लाख उघड्यावर. त्यांनी पाकिटाची चेन लावली, पुन्हा उघडली आणि पुन्हा लावली. पतसंस्थेच्या ठेवीला तर हा विमा नाहीच.

कायदा अगदीच मुका नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे आणि त्याच्या ३५ व्या कलमात विश्वस्तांनी पैसा कुठे ठेवावा ते लिहिलं आहे: अनुसूचित बँक, टपाल खात्याची बचत बँक, सरकारने मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे. याबाहेर काही करायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. पतसंस्थेचं नाव त्यात नाही. मला हे २००७ मध्ये माहीत होतं का? होतं. वर्गात शिकवत नव्हतो, पण वाचलं होतं. कलम ३५ आणि अध्यक्षांचा चहा यांत त्या दिवशी चहा जिंकला.

इथवरचं वाचून कोणी म्हणेल, मग झालं, सगळा निधी सरकारी रोख्यांत घाला आणि झोपा. तसं केलेलीही उदाहरणं आहेत, आणि तिथे पैसा बुडत नाही, झिजतो. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी कागदाच्या हिशेबाने त्या १५ लाखांचे वर्षाला ५२,५०० रुपये येत. कर्व्यांनी त्याआधी घरोघर फिरून रुपया-दोन रुपये गोळा केलेले. त्यांना हा आकडा केवढा वाटला असेल! त्यावर विद्यापीठ उभं राहू शकत होतं. आज सातव्या वेतन आयोगात नव्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच महिन्याला ५७,७०० आहे. पूर्ण विद्यापीठाचं वर्षाचं व्याज, आणि त्यात आज एका मास्तराचा एक महिना भागत नाही.

त्यातही साडेतीन टक्के कायमचे म्हणून ज्यांनी कागद घेतले, त्यांना १९४६ मध्ये सरकारने ते कागद मोडीत काढून तीन टक्क्यांचं नवं कर्ज देऊ केलं. देवस्थानं, शाळा, धर्मशाळा, सगळ्यांच्या तिजोरीत असे कागद असत. एकही हप्ता चुकला नाही, एकही रुपया बुडाला नाही, आणि तरी देणगी देणाऱ्याने जे मनात धरलं होतं ते उरलं नाही. महागाई ही पतसंस्थेच्या चेअरमनपेक्षा सभ्य असते, एवढाच फरक.

दुसऱ्या टोकाला हार्वर्ड. जून २००८ मध्ये त्यांचा निधी ३७ अब्ज डॉलरच्या घरात होता, वर्षभरात तो २६ अब्जांवर आला. पण मला त्या घसरणीपेक्षा दुसरी गोष्ट शिकण्यासारखी वाटते. त्यांनी रोजच्या खर्चाचा पैसाही मोठ्या प्रमाणात त्याच निधीबरोबर गुंतवला होता, आणि निधीतला बराच भाग अशा ठिकाणी होता की मागितला म्हणून लगेच मिळत नाही. जगातलं सगळ्यात श्रीमंत विद्यापीठ, आणि २००८ च्या डिसेंबरात त्यांनी अडीच अब्ज डॉलरचं कर्ज उचललं. नदीपलीकडच्या विज्ञान संकुलाचं बांधकाम थांबवलं. म्हणजे मोठा वाडा, कोठारात धान्य भरपूर, पण कोठाराची किल्ली गावाला गेलेली आणि चुलीपुढे माणसं बसलेली. आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवरचा प्रसंग आणि हा, यांत मला फारसा फरक दिसत नाही. तिथे इंग्रजी चांगलं होतं.

पतसंस्थेने पोळल्यावर आम्ही जे केलं ते फार हुशारीचं नव्हतं. एका कागदावर चार वाक्यं लिहून ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतली. सहा महिन्यांचा पगार निघेल एवढी रक्कम वेगळी, आणि तिच्या पावत्या अशा लावायच्या की दर तीन महिन्यांनी एकीची मुदत भरेल. कुठल्याही एका बँकेत निधीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. जिल्ह्यातल्या बँकेत कायम निधी नाही. आणि व्याजातला काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवायचा, कितीही मोह झाला तरी. चौथ्या वाक्यावर सर्वांत जास्त भांडण झालं. व्याज आलं की त्यातून रंगरंगोटी, स्नेहसंमेलनाचा मांडव, समितीच्या जेवणात काजूकतली, अशी मागणी तयारच असते.

त्या कागदाचा उपयोग २०२० च्या मार्चमध्ये कळला. २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी कोसळला. आमचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी रात्री दहाला एका सदस्याचा फोन आला. "सर, सगळ्या ठेवी मोडून कॅश घरी आणून ठेवू का? तुमच्याकडं कपाट आहे." मी त्यांना कागदातलं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. एप्रिलमध्ये एक पावती पिकली, जुलैमध्ये दुसरी. टाळेबंदीमुळे फी जवळजवळ शून्य, तरी विनाअनुदानित वर्गाच्या नऊ शिक्षकांचे पगार झाले. त्या रात्री नव्याने विचार करून काही ठरवायला बसलो असतो, तर मी काय ठरवलं असतं याची मला खात्री नाही. घाबरलेल्या माणसाची अक्कल उधारीची असते. ती आधीच कुठेतरी लिहून ठेवावी लागते.

मुद्दलाचा थोडा हिस्सा शेअरांत, म्युच्युअल फंडाच्या वाटेने, आयुक्तांची परवानगी काढून घालावा, असं मी २०१६ मध्ये सुचवलं होतं. प्राप्तिकराच्या नियमांतही त्याला जागा आहे. ठराव पडला. पंधरापैकी तेरा जण विरोधात. मला राग आला नाही. पतसंस्थेच्या त्या ओळीखाली ज्याची सही आहे, त्याने शेअर बाजाराची भलामण करायची म्हणजे जरा जडच. पण मत माझं तेच आहे. पन्नास वर्षं टिकायचा निधी निव्वळ मुदत ठेवींत ठेवणं म्हणजे दरवर्षी थोडं थोडं मोडून खाणं आहे, फक्त पावतीवरचा आकडा तसाच राहतो म्हणून कोणी ओरडत नाही.

पुणे विद्यापीठाची चौकशी समिती संलग्नतेसाठी आमच्याकडे येते तेव्हा ग्रंथालयातली पुस्तकं मोजते, प्रयोगशाळेतले नळ सोडून बघते, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार लागतं का ते बघते. उत्तम. पण संस्थेच्या ठेवी कोणत्या बँकांत, किती, आणि त्या बँकांच्या संचालक मंडळावर संस्थेच्या कार्यकारिणीतलं कोणी आहे का, हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. विचारला तर अर्ध्या जिल्ह्यात चहाचे कप हवेत थबकतील. विद्यापीठ विचारत नसेल तर सभासदांनी विचारावा. वार्षिक सभेत अहवाल 'वाचला असे समजण्यात येते', ठीक आहे, अहवाल समजून घ्या. ठेवींची यादी मात्र मोठ्याने वाचा, बँकेच्या नावासकट, व्याजाच्या दरासकट. ज्या पावतीवर दर इतरांपेक्षा जास्त आहे तिथे वाचणाऱ्याने जरा थांबावं.

मागच्या वर्षी आम्ही जुने सगळे छोटे निधी एकत्र करायला घेतले. तेवीस निघाले. कोणाच्या आईच्या नावाने, कोणा हेडमास्तरांच्या नावाने, एक तर बैलपोळ्याच्या निबंधासाठी. त्यांत एक १९७४ चा: मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीला चांदीचं पदक, देणगी पाच हजार रुपये, एका शिक्षकाच्या पत्नीकडून, पती वारल्यावर. तेव्हा दहा ग्रॅम सोनं पाचशेच्या आसपास होतं. बाईंनी दहा तोळ्यांच्या जवळपास सोन्याएवढा पैसा आमच्या हातात दिला होता. सुरुवातीला व्याजातून पदक व्हायचं, पुस्तकं व्हायची, वर चहा निघायचा. आम्ही पन्नास वर्षं प्रत्येक रुपया व्याज खर्चून टाकलं, मुद्दल पाच हजारच ठेवलं. आज त्याचे वर्षाला साडेतीनशे येतात. सध्या मुलीला प्रमाणपत्र आणि एक पेन देतो. पेनाच्या डबीवर बाईंचं नाव चिकटवतो.

सराफाकडे जाऊन विचारलं. दोन तोळ्यांचं चांदीचं पदक, घडणावळ धरून, म्हणजे जवळपास दहा वर्षांचं व्याज. बाईंचे चिरंजीव आता पंच्याहत्तरीचे, मुलीकडे नाशिकला असतात. मी फोन करून सगळा हिशेब सांगितला, माफीही मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईने चांदीचं सांगितलं होतं ना? दरवर्षी द्या, असं कुठं लिहिलंय का बघा."

मी फाइल काढली. बाईंचं पत्र आहे, निळ्या शाईत, एका बाजूला. दरवर्षी असं त्यात नाही. मी ठरावाचा मसुदा केला आहे. तो येत्या सभेत ठेवींच्या यादीनंतर घेणार आहे.